अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं, पण सेटवर नुसती खरखर: नागपुरातून ऐकणाऱ्यांसाठी

तक्रार एकच असते, विचारणारे तेवढे बदलतात. “सर, ॲपवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक बरोबर नागपूरच्या वर दाखवत होतं. आम्ही गच्चीवर उभे होतो, रेडिओ सेटवर १४५.८०० मेगाहर्ट्झ लावलं होतं. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती खरखर. सेट खराब आहे का?”

२०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर होते आणि तिथून हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवर ते आपल्याकडच्या विद्यार्थ्यांशी बोलले. तेव्हापासून ही विचारणा फार वाढली आहे. विचारणारी बहुतेक शाळा-कॉलेजातली पोरं असतात. दोन-तीनदा खरखर ऐकली की ती नाद सोडून देतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण सेट बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

बिघाड शोधताना आपण हातातल्या वस्तूपासून सुरुवात करतो. आधी अँटेना बदलतो, मग केबल, मग सेट. इथे उलटं जायचं. आधी वर काय चाललंय ते पाहायचं, मग वेळ आणि जागा, मग सेटच्या सेटिंग, आणि खिशात हात घालायचा तो सगळ्यात शेवटी.

वरचा रेडिओ कोणत्या कामावर आहे?

स्थानकावर हौशी रेडिओचे दोन सेट आहेत. एक युरोपच्या कोलंबस विभागात, दुसरा रशियाच्या झ्वेझ्दा विभागात. दोन्ही केनवूडचे, हॅम लोक गाडीत बसवतात त्या जातीचे, अंतराळासाठी बदल करून घेतलेले. सप्टेंबर २०२० पासून कोलंबसमधला सेट बराच काळ रिपीटर म्हणून चालू ठेवतात. जमिनीवरून १४५.९९० मेगाहर्ट्झवर, ६७ हर्ट्झच्या टोनसह (बोलण्याच्या मागे सतत चालू असलेला ठरलेला सूर) आलेला आवाज तो ४३७.८०० मेगाहर्ट्झवर पुन्हा खाली पाठवतो.

अर्ध्याअधिक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. इंटरनेटवर जिकडेतिकडे १४५.८०० हाच आकडा लिहिलेला असतो. तो खोटा नाही, पण ती वारंवारता शाळांशी होणाऱ्या संवादासाठी आणि चित्रं पाठवण्याच्या खास उपक्रमांसाठी आहे. एरवी तिच्यावर शांतताच असते. १४५.८२५ आहे पॅकेटसाठी, म्हणजे स्थानकावरच्या सेटमधून होणाऱ्या छोट्या डिजिटल संदेशांच्या देवाणघेवाणीसाठी. तेव्हा रोजच्या सरावाला ४३७.८०० लावा. तिथे अंतराळवीर बोलेलच असं नाही, पण भारतातले आणि शेजारच्या देशांतले हॅम स्थानकामार्फत एकमेकांशी बोलताना ऐकू येतात, आणि आपली सगळी मांडणी बरोबर आहे याची तीच खात्री.

आता अंतराळवीरांचा दिवस. स्थानकाचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं. ते सकाळी ६ ला उठतात, तेव्हा नागपुरात ११:३० झालेले असतात. रात्री ९:३० ला झोपायची वेळ होते, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ३ वाजलेले असतात. अंबाझरीच्या बांधावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना स्थानक कधी कधी लख्ख ठिपक्यासारखं सरकताना दिसतं. त्या वेळी आतली माणसं झोपेत असतात. पहाटे ३ ते सकाळी ११:३० च्या पासमध्ये, म्हणजे स्थानक आपल्या आकाशातून जातं त्या फेरीत, अंतराळवीराच्या आवाजाची वाट पाहू नका. रिपीटरला मात्र झोप नसते, तो चालू असला तर पहाटेही ऐकू येतो.

जागेपणीचा वेळही मोकळा नसतो. दिवसाचं काम पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत आखलेलं असतं, आणि पडद्यावरच्या त्या वेळापत्रकावरून एक लाल रेघ पुढे सरकत राहते. त्यातले दोन-अडीच तास व्यायामाचे, कारण वजनरहित अवस्थेत हाडं आणि स्नायू झिजतात. बाकी वेळात प्रयोग आणि देखभाल. तिथे धूळ खाली बसत नाही. हवेच्या प्रवाहाबरोबर तरंगत ती वायुवीजनाच्या जाळ्यांवर जमते, म्हणून त्या जाळ्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ कराव्या लागतात. शनिवारी सगळ्यांनी मिळून साफसफाई. शौचालयाच्या टाक्या बदलणं, पाण्याचे नमुने तपासणं, हवेतला कार्बन डायऑक्साइड काढणाऱ्या यंत्राची दुरुस्ती हेही त्याच साधारण सात माणसांनी करायचं.

या देखभालीतला एक प्रसंग मला पोरांना सांगायला आवडतो. लघवीपासून पिण्याचं पाणी करणारं यंत्र २००९ मध्ये तुंबलं. उघडून पाहिल्यावर कॅल्शियम सल्फेटचे खडे निघाले. वजनरहित अवस्थेत हाडांतलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे लघवीत ते जमिनीवरच्यापेक्षा जास्त होतं. त्यात लघवी टिकवायला सल्फ्युरिक आम्ल घालत होते. दोन्ही मिळून खडे झाले. मग काही काळ पाणी कमी प्रमाणात काढलं, आणि पुढे आम्लच बदलून फॉस्फोरिक आम्ल वापरायला घेतलं. २०२३ मध्ये स्थानकावरच्या यंत्रणेने ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचं लक्ष्य गाठलं. बिघाड यंत्रात दिसत होता, कारण माणसाच्या हाडांत होतं.

आपल्या कामाची गोष्ट अशी की अंतराळवीर स्थानकाबाहेर कामाला निघाले, किंवा एखादं यान जोडायचं वा सोडायचं असलं, की खबरदारी म्हणून हौशी रेडिओ बंद ठेवले जातात. क्वेस्ट विभागातून होणारा स्पेसवॉक बहुधा ग्रीनिचच्या दुपारी १२-१ च्या सुमारास सुरू होतो आणि साडेसहा तासांच्या आसपास चालतो. आपल्याकडे ती वेळ संध्याकाळी ५:३०-६:३० पासून मध्यरात्रीपर्यंतची. म्हणजे ऑफिस आणि ट्यूशन आटोपून माणूस गच्चीवर जातो, नेमका तोच वेळ. त्या दिवशी जगातला सर्वात भारी सेट आणला तरी खरखरच ऐकू येणार.

म्हणून पासच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. ॲरिस, म्हणजे स्थानकावरचा हौशी रेडिओ सांभाळणारी आंतरराष्ट्रीय संस्था, आपल्या संकेतस्थळावर दोन्ही सेट कोणत्या कामावर आहेत ते लिहिते. आणि नासा स्थानकाच्या रोजच्या घडामोडी देते, त्यात स्पेसवॉक आणि यानांच्या ये-जा असतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण तेच टाळतात.

पास नागपूरचाच आहे ना?

ॲपमध्ये ठिकाण मुंबई किंवा दिल्ली राहून गेलेलं असतं. मुंबईच्या अगदी डोक्यावरून गेलेलं स्थानक नागपुरात क्षितिजापासून ३० ते ४५ अंशांपर्यंतच चढतं, आणि वेळही दीड-एक मिनिटाने चुकते. २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व हे आकडे हाताने भरा. ॲपमधली वेळ ग्रीनिचची असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो, हेही तपासा.

दुसरी गफलत जरा नाजूक आहे. पुष्कळ ॲप फक्त डोळ्यांना दिसणारे पास दाखवतात, म्हणजे आपल्याकडे संधिप्रकाश किंवा अंधार आणि स्थानकावर ऊन पडलेलं असेल असे. रेडिओला याच्याशी काही देणंघेणं नाही. भर दुपारीही सिग्नल येतो, आणि आषाढातल्या गच्च ढगांमधूनही येतो, या वारंवारतेवर पावसाने फरक पडत नाही. त्यामुळे यादी ‘सगळे पास’ अशी लावा. नागपुरात दिवसाला साधारण चार-पाच पास क्षितिजाच्या वर येतात, पण ३० अंशांहून उंच जाणारे एखाद-दोनच. सुरुवात त्यांच्यापासूनच करा. स्थानक डोक्यावर असताना आपल्यापासून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास असतं, तर क्षितिजावर असताना सुमारे २,३०० किलोमीटर. तिथून येणारा सिग्नल तिसाव्या हिश्श्याएवढाच उरतो, आणि वाटेत समोरच्या सोसायटीची इमारत.

पासची वेळ रोज साधारण २०-२५ मिनिटांनी अलीकडे येत जाते. त्यामुळे या आठवड्यात संध्याकाळचा सोयीचा पास मिळाला म्हणून पुढच्या महिन्यातही मिळेल असं नाही. आणि कक्षेची माहिती जुनी ठेवू नका. वातावरणाच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येतं, मग इंजिन चालवून त्याला पुन्हा वर ढकलतात. कधी अंतराळातला कचरा चुकवायलाही ढकलावं लागतं. असं झालं की फोनमधली आठवड्यापूर्वीची माहिती कामाची राहत नाही. ॲप उघडून ताजी माहिती उतरवून घ्या.

सेटच्या सेटिंग

आधी परवान्याचं. ऐकायचं आहे तेवढ्यापुरता रिसीव्हर पुरतो, आणि विद्यार्थ्यांनी लॅपटॉपला लावायचा एसडीआर डाँगल (सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा यूएसबी रिसीव्हर) घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. बोलायचं असेल तर दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढावा लागतो. परवाना नसताना ट्रान्समिट करणारा हँडसेट विकत घेऊन ठेवू नका, कोणी कितीही स्वस्तात देत असला तरी.

स्क्वेल्च, म्हणजे पुरेसा सिग्नल येईपर्यंत स्पीकर बंद ठेवणारी सेटिंग, शून्यावर. खरखर कानाला त्रास देते म्हणून पोरं स्क्वेल्च चढवतात, आणि कमजोर सिग्नल त्या दाराबाहेरच अडकतो. एफएम वाइड ठेवा, नॅरो नको. रिसीव्हचा टोन पूर्ण बंद करा. ६७ हर्ट्झचा टोन फक्त वर पाठवताना लागतो. ऐकताना तो लावून ठेवला तर सेट गप्प बसतो.

आणि डॉप्लर. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. जवळ येताना त्याची वारंवारता चढलेली भासते, दूर जाताना उतरलेली. १४५.८०० वर हा फरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आत राहतो, त्यामुळे आवाज थोडा चिरका झाला तरी समजतो. ४३७.८०० वर मात्र तो दोन्ही बाजूंना १० किलोहर्ट्झपर्यंत जातो. एकाच आकड्यावर बसून राहिलात तर पासच्या मधली मिनिट-दोन मिनिटंच कानावर पडतील. सेटमध्ये पाच चॅनेल भरून ठेवा: ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९०. स्थानक उगवताना पहिल्यावर असायचं, आवाज फाटायला लागला की पुढच्यावर. डोक्यावर येतं तेव्हा बदल फार भराभर करावे लागतात, मावळताना पुन्हा सावकाश.

डाँगल वापरणाऱ्यांसाठी नागपूरची खास अडचण आहे उन्हाळ्याची. स्वस्त डाँगलमधला वारंवारता ठरवणारा क्रिस्टल तापला की त्याची वारंवारता सरकते. मे महिन्यात सूर्य बुडाल्यावरही गच्चीचा स्लॅब धगधगत असतो, आणि डाँगल स्वतःही तापतो. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० भाग) फरक पडला तर ४३७ मेगाहर्ट्झवर जवळजवळ ९ किलोहर्ट्झ चूक होते. सिग्नल वॉटरफॉलवर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या आलेखावर, उमटलेला असतो, पण तुम्ही बाजूला ऐकत बसलेले. पासच्या वीसेक मिनिटं आधी डाँगल चालू करून ठेवा, ओळखीच्या पक्क्या सिग्नलवर त्याची चूक दुरुस्त करून घ्या, आणि शक्य तर तापमान सांभाळणारा, टीसीएक्सओ असलेला डाँगल घ्या.

अँटेना आणि जागा

सेटबरोबर आलेली बोटभर रबरी अँटेना घरात बसून चालत नाही. आपल्या घरांत उन्हाळाभर खिडकीत लोखंडी पत्र्याचा कूलर बसवलेला असतो, स्लॅबमध्ये सळई, आणि गॅलरीला ग्रिल. सिग्नलला आत यायला वाट कुठे आहे? गच्चीवर जा. आपल्याकडे स्थानक नैर्ऋत्येकडून ईशान्येला जातं किंवा वायव्येकडून आग्नेयेला, तेव्हा या चार कोपऱ्यांत पाण्याची टाकी किंवा सोलर पॅनल आडवे येत नाहीत ना ते पाहून उभं राहायची जागा ठरवा.

१४५ मेगाहर्ट्झसाठी सर्वात चांगली स्वस्त अँटेना म्हणजे स्टीलच्या मोजपट्टीची तीन काड्यांची यागी. सुताराची जुनी टेप कापून होते. मागची काडी १०५ सेंटीमीटर. मधली दोन तुकड्यांत, प्रत्येक ४५ सेंटीमीटर, दोन्हींच्या मध्ये बोटाच्या रुंदीएवढी फट. पुढची ८९ सेंटीमीटर. मागची ते मधली अंतर २० सेंटीमीटर, मधली ते पुढची ३२. आधाराला वायरिंगचा पीव्हीसी पाइप, आणि काड्या बांधायला होज क्लॅम्प. अँटेनापासून सेटपर्यंतची कोअॅक्स केबल बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळते.

काम बिघडतं ते सोल्डरिंगला, म्हणून तिथे घाई नको. टेपवरचा पिवळा रंग सँडपेपरने पूर्ण घासा, पोलाद चकचकीत दिसेपर्यंत. रंगाचा पातळ थर राहिला तरी सोल्डर वरवर गोळी होऊन बसतं, ओढून पाहिलं की निघतं. आधी दोन्ही टोकांना सोल्डरचा पातळ थर चढवा, मग केबलची आतली तार एका तुकड्याला आणि बाहेरची जाळी दुसऱ्याला. त्याच दोन जागांमध्ये साधारण १३ सेंटीमीटर लांबीची तांब्याची तार हेअरपिनसारखी वाकवून जोडा. मीटरने मोजलं तर तारेमुळे दोन्ही तुकडे शॉर्ट दिसतील. तसंच दिसायला हवं, घाबरून तार काढू नका. नंतर टेप थोडी हलवत सातत्य तपासा. सोल्डर कच्चं असेल तर सुई तिथेच उडी मारते.

ऐकताना अँटेना स्थानकाच्या दिशेने धरायची आणि आवाज पडला की मनगट पाव वळण फिरवायचं. सिग्नलची ध्रुवणदिशा सतत बदलत असते, नुसत्या त्या वळणाने गेलेला आवाज परत येतो. ४३७ साठी याहून लहान मापाची वेगळी अँटेना लागेल. ती नसेल तर पूर्ण लांब होणारी टेलिस्कोपिक काडी १७ सेंटीमीटरवर आणून पाहा, उंच पासमध्ये ऐकू येतं.

आजूबाजूचा गोंगाट

स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर हे सगळे रेडिओ गोंगाट करतात. एफएमवर कानाने हा गोंगाट कळत नाही, कारण खरखर तशीही असतेच. वॉटरफॉलची तळरेघ किंवा सेटचा सिग्नल मीटर बघा. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून घरचा मेन स्विच मिनिटभर बंद करा. तळरेघ खाली गेली तर गोंगाट घरातलाच आहे. लॅपटॉपही यात सामील असतो, म्हणून डाँगल थेट न लावता मीटर-दीड मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शनने लांब ठेवा. शहरातल्या एफएम केंद्रांच्या जोरदार सिग्नलने डाँगल गुदमरत असेल, तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर मध्ये टाका. आधी गेन, म्हणजे डाँगल सिग्नल किती वाढवतो ते, कमी करून पाहा, त्याला पैसे पडत नाहीत.

सगळं जागच्या जागी आहे की नाही याची चाचणी स्थानकाची वाट न पाहता घेता येते. रशियाचे मेटेओर हवामान उपग्रह १३७.९ मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात, आणि वॉटरफॉलवर त्यांचा रुंद पट्टा लगेच ओळखू येतो. तो दिसला तर अँटेना, केबल, डाँगल, तिन्ही चांगले. जुन्या व्हिडिओंमध्ये या चाचणीसाठी अमेरिकेचे नोआ १५, १८ आणि १९ हे हवामान उपग्रह सांगितलेले असतात. ते तिन्ही २०२५ मध्ये बंद केले, त्यांच्या नादी लागू नका.

चित्रं येत नाहीत, किंवा अर्धवट येतात

चित्रांचा उपक्रम जाहीर झाला असेल तेव्हाच त्यात दिलेली वारंवारता, बहुतेकदा १४५.८००, लावायची. बहुधा पीडी १२० ही चित्र आवाजाच्या रूपात पाठवायची पद्धत असते, आणि त्या आवाजाचं चित्र लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर करतं. एका चित्राला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ, आणि दोन चित्रांच्या मध्ये काही मिनिटांची शांतता. पास सुरू झाला आणि दोन मिनिटं काहीच नाही, म्हणून वारंवारता बदलत बसलात तर चित्र हुकलं. दहा मिनिटांच्या चांगल्या पासमध्ये दोन पूर्ण चित्रं मिळाली की भरून पावलो म्हणायचं. चित्र तिरकं आलं तर लॅपटॉपच्या साउंड कार्डचा वेग किंचित चुकतोय, सॉफ्टवेअरमध्ये तिरकेपणा सुधारायची सोय असते. मध्ये मध्ये आडवे खरखरीचे पट्टे आले तर अँटेना फिरवायला उशीर झाला.

इतकं करून दोन-तीन उंच पासमध्ये काहीच आलं नाही, आणि मेटेओर मात्र दिसतोय, तर जाणत्या हॅमला विचारा. विचारताना तारीख, भारतीय वेळ, पासची कमाल उंची, लावलेली वारंवारता, अँटेना कोणती आणि कुठे उभे होतात, हे सगळं लिहा. पूर्ण पासचं रेकॉर्डिंगही जोडा, नुसती खरखर वाटली तरी. एका बाजूला सरकलेल्या आवाजाची चिरचिर सरावलेल्या कानाला त्यातही सापडते, आणि किती किलोहर्ट्झ चुकलं ते सांगता येतं.